राउटरचा झेड झिरो बरोबर, तरी खोली चुकते: कारण कसं शोधायचं

झेडचा झिरो, म्हणजे बिटाची खोली जिथून मोजायची ती शून्य उंची, बिट आणि माल यांच्यामध्ये कागद धरून नीट घेतला, फाइल दोनदा तपासली, तरी खोली चुकली. सामायिक वर्कशॉपमधल्या सीएनसी राउटरवर (संगणकाच्या आज्ञेने बिट फिरवून लाकूड कापणारं मशीन) नवीन हात बसवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते, आणि एकदा निस्तरली म्हणून कायमची जात नाही. कुणाच्या पाटीवरची अक्षरं जाडजूड येतात, कुणाचा प्लाय खालच्या थराला धरूनच राहतो, कुणाचं बिट सरळ बेडमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या टेबलात, घुसतं. बडोद्यात श्रावण लागला की या तक्रारींना ऊत येतो. गणपती तोंडावर, मखराचे भाग कापून घ्यायला दांडियाबाजारापासून मांजलपूरपर्यंतची मंडळी रांगेत, एका दिवसात पाच-सहा जणांचे हात मशीनला लागलेले, आणि हवा अशी दमट की झेरॉक्सचा कागदही मऊ पडतो.

अशा वेळी दोनच सल्ले ऐकू येतात. एक, ‘झिरो परत घे’. दुसरा, ‘मशीनच गेलंय’. पहिल्याने कधी कधी काम भागतं, पण का भागलं ते कळत नाही, त्यामुळे परवा पुन्हा तेच. दुसऱ्याने तर काहीच होत नाही. मशीन बिघडलेलं फार क्वचित असतं. बहुतेक वेळा कारण बिटाच्या टोकापासून वीतभर अंतरातच सापडतं.

त्यामुळे कुणी म्हणालं, “काका, मशीन रोज वेगळं कापतं,” की माझा उलटा प्रश्न ठरलेला: “रोज वेगळं कापतं, दुसऱ्या टोकाला वेगळं कापतं, की शेवटी शेवटी वेगळं कापतं?” चूक पहिल्या क्षणापासून सगळीकडे सारखी असली तर कारणं वेगळी. जागेप्रमाणे बदलत असली तर वेगळी. वेळेप्रमाणे वाढत गेली तर आणखी वेगळी. या तिन्हीत फरक न करता स्क्रू पिळत बसलं की अख्खी दुपार जाते.

आधी एक तुकडा वाया घालवा

एमडीएफचा फूटभर चौरस टाकाऊ तुकडा घ्या. त्यावर १२ मिमी व्यासाचे आणि ३ मिमी खोलीचे नऊ गोल खळगे, तीन ओळींत तीन, असा छोटा प्रोग्रॅम करून ठेवा. महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्रम. एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे ओळीने कापू नका. मधला आधी, मग उजवा वरचा कोपरा, मग डावा खालचा, असं उड्या मारत जा, आणि सगळ्यात शेवटी पहिल्या खळग्याच्या अगदी शेजारी दहावा खळगा कापा. ओळीने कापलं तर जागा आणि वेळ दोन्ही एकदमच पुढे सरकतात, आणि दोष नेमका कशाचा ते कळायला मार्ग उरत नाही. बहुतेक कॅम सॉफ्टवेअर (चित्रावरून बिटाचा रस्ता आखणारं) स्वतःच्या मनाने जवळचा रस्ता निवडतं, म्हणून क्रम हाताने लावून घ्यावा लागतो.

कापून झाल्यावर पेन्सिलने प्रत्येक खळग्याशेजारी क्रमांक टाका आणि व्हर्नियरच्या मागून बाहेर येणाऱ्या दांडीने खोली मोजा. दांडीच्या टोकाला भुशाचा कण अडकला तरी माप चुकतं, तेव्हा आधी फुंकर मारा. (डोळे मिटून. एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, तो डोळ्यात आणि छातीत जाऊ नये म्हणून चष्मा आणि मास्क या मशीनजवळ कायम हवेतच.) पहिला आणि दहावा खळगा जुळला, पण कोपरे वेगळे आले, तर चूक जागेची. पहिला आणि दहावाच जुळत नाहीत, तर चूक वेळेची. दहाही एकमेकांशी जुळले, पण ३ ऐवजी सगळे ३.४ आले, तर चूक सुरुवातीची.

पाट्या कोरणाऱ्यांकडे याहून सोपं मोजमाप आपसूकच असतं: शिरोरेषा. ९० अंशाच्या व्ही बिटाने कोरताना खाचेची रुंदी खोलीच्या दुप्पट येते. म्हणजे बिट ०.३ मिमी जास्त खाली गेलं तर रेघ ०.६ मिमीने जाड होते, आणि ३ मिमीच्या रेघेत एवढा फरक लांबूनही डोळ्यांत खुपतो. लांब आडनावाची शिरोरेषा डावीकडे बारीक आणि उजवीकडे हळूहळू जाड होत गेली असेल, तर फळी किंवा बेड एका बाजूला उचललेला आहे. मध्येच अचानक पायरी पडून जाड झाली असेल, तर काहीतरी घसरलं आहे. पाटी फुकट गेली म्हणून चिडून फेकू नका, आधी तिच्यावरचं हे वाचून घ्या.

चूक सुरुवातीपासूनच, सगळीकडे सारखी

इथे चुकीचा आकडाच गुन्हेगाराचं नाव सांगतो.

चूक बरोबर मालाच्या जाडीइतकी असेल, म्हणजे १८ मिमी प्लायला १८ मिमीच, तर कॅममध्ये झेडचा झिरो बेडवर धरला आहे आणि तुम्ही तो मालाच्या वरच्या पृष्ठभागावर घेतलाय, किंवा उलट. पहिल्या प्रकारात बिट हवेत फिरतं आणि सगळे हसतात. उलट प्रकारात ते थेट बेडमध्ये जातं आणि कुणी हसत नाही.

झिरो घ्यायला बिटाखाली ठेवायची धातूची पट्टी म्हणजे प्रोब प्लेट. चूक जुन्या आणि नव्या प्लेटच्या जाडीतल्या फरकाइतकी असेल तर मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमध्ये दुसऱ्याच प्लेटची जाडी भरलेली आहे. सामायिक जागी हे सर्रास होतं. जुनी प्लेट हरवते, कुणीतरी पत्र्याचा तुकडा कापून नवीन आणतं, मॅक्रोमधला, म्हणजे कंट्रोलरमध्ये साठवलेल्या आज्ञांमधला, आकडा मात्र जुनाच राहतो. प्लेट व्हर्नियरने मोजा आणि तिच्यावरच पक्क्या मार्करने जाडी लिहून टाका. प्रोबिंगला लावण्याआधी प्लेट हाताने बिटाला टेकवून स्क्रीनवर सिग्नल बदलतो का तेही बघा. बिटाला तारेची क्लिप लावायची राहिली की बिट प्लेट फोडायला निघतं.

सगळंच २५.४ पटीने मोठं किंवा लहान व्हायला लागलं तर इंच-मिलिमीटरचा घोळ. फाइलच्या सुरुवातीला जी २१ म्हणजे मिलिमीटर, जी २० म्हणजे इंच. आपल्या वर्कशॉपमध्ये जी २० असलेली फाइल मुळात का असावी, हा प्रश्न ज्याने फाइल नेटवरून उतरवली त्याला विचारा.

चूक खोलीच्या प्रमाणात वाढत असेल, म्हणजे ५ मिमीला ०.१ आणि २० मिमीला ०.४, तर झेडचे ‘स्टेप्स पर मिमी’, म्हणजे एक मिमी सरकायला मोटरने किती बारीक टप्पे (स्टेप) घ्यायचे तो आकडा, चुकलेत. २०० स्टेपची मोटर, मोटरला वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरवर प्रत्येक स्टेपचे ८ मायक्रोस्टेप, आणि एका फेऱ्यात ५ मिमी सरकणारा बॉलस्क्रू असेल तर २०० गुणिले ८ भागिले ५, म्हणजे ३२०. स्क्रू ४ मिमीचा असेल तर ४००. ग्रबल या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरवर हा आकडा $१०२ मध्ये असतो. ड्रायव्हर बदलल्यावर त्यावरचे बारीक स्विच तपासायचे राहून गेले तर चूक याहून फार मोठी येते, खोली थेट दुप्पट किंवा निम्मी. तसं काही घडलेलं नसेल तर या आकड्याला हात लावू नका. स्क्रूचा आट महिन्याभरात बदलत नसतो. झिरो चुकला म्हणून स्टेप्स बदलणारा माणूस पुढच्या दहा जणांचं काम बिघडवून ठेवतो.

आणि चूक जेमतेम ०.१ मिमी असेल? तो कागद आहे. झेरॉक्सचा साधा कागद साधारण तेवढाच जाड असतो. आमच्याकडे एक सुथारकाका येतात, ते उत्तरायणातून उरलेला पतंगाचा कागद वापरतात. तो इतका पातळ की वजाबाकी करायची गरजच पडत नाही. बिट खाली आणताना कागद बोटाने सरकवत राहतात, आणि तो अडला रे अडला की “बस, बराबर छे” म्हणून झिरो दाबतात. अर्थात स्पिंडल, म्हणजे बिट फिरवणारी मोटर, बंद ठेवून.

चूक जागेप्रमाणे

याचं उत्तर बहुतेक वेळा बेडमध्ये असतं आणि कधी कधी मालात. बिट बेडच्या चार कोपऱ्यांवर आणि मध्यावर नेऊन कागद लावा, प्रत्येक ठिकाणी कागद कोणत्या उंचीला अडतो ते लिहा. पाच आकड्यांत ०.२-०.३ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर बेड सपाट करायची वेळ झाली. वरच्या एमडीएफच्या थरावरून रुंद सरफेसिंग बिट अर्धा-अर्धा मिमी घेत फिरवायचं. त्याआधी थर कुठे स्क्रूने बसवलाय ते पाहून स्क्रूची डोकी पुरेशी खाली आहेत याची खात्री करा. बिटाला लोखंड लागलं की बिटही जातं आणि ठिणगी उडून भुशाच्या पिशवीत गेली तर आणखीच.

एमडीएफ दमट हवेत पाणी ओढतो. बेड उन्हाळ्यात सपाट केला असेल तर ऑगस्टमध्ये तो तसाच असेल, अशी अपेक्षा ठेवू नका. पावसाळा सुरू झाल्यावर एकदा आणि दिवाळीच्या सुमाराला एकदा पाच बिंदूंची ही तपासणी करून घ्यावी. ज्या शीटला एकदा पाणी लागून गेलं तिची कड फुगते ती फुगलेलीच राहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावर ज्यांच्या शीटा उभ्या होत्या त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा शीटच्या कडेवर झिरो घेतला की मध्यभाग कमी खोल कापला जाणारच.

माल बेडला पूर्ण टेकलाय का, तेही बघा. प्लायला बाक असतो. चार कोपरे क्लॅम्पने दाबले तरी पोट वर राहतं. वरून हाताने दाबलं आणि फळी टकटक वाजली, तर तिथे खाली पोकळी आहे. त्यातून वर ओढणारं स्पायरल बिट लावलं असेल तर ते माल आणखी उचलतं. मध्ये दोन स्क्रू मारा, किंवा दुहेरी टेप लावा. स्क्रू कुठे मारले ते मात्र टूलपाथवर, म्हणजे बिटाच्या रस्त्याच्या आराखड्यावर, टिपून घ्या. आणि शीट ठेवण्याआधी बेड झाडून घ्या. आधीच्या माणसाच्या भुशाची एक चिमूट फळीखाली राहिली तरी तो कोपरा वर येतो. हे इतकं सोपं आहे की कुणालाच सुचत नाही.

आरपार कापायचं असेल तर झिरो बेडवरच घ्या, मालावर नको. १८ म्हणून आणलेला प्लाय व्हर्नियरला साडेसतरा निघतो, कधी सव्वाअठरा. बेडवरून मोजलं तर खाली ०.२ मिमी जादा उतरा एवढंच सांगायचं, वर जाडी काहीही असो. अक्षरं आणि नक्षी मात्र वरच्या पृष्ठभागावरूनच.

चूक वेळेप्रमाणे

हा खरा डोकेदुखीचा प्रकार, कारण सुरुवात अगदी छान होते. पहिले तीन भाग सुबक, मग चौथा जरा खोल, सातवा अजून खोल. इथे चुकीची दिशा बघायची. काम खोल खोल जात असेल तर दोन मुख्य संशयित: बिट कोलेटमधून, म्हणजे त्याला धरणाऱ्या चिरा पाडलेल्या नळीतून, खाली ओढलं जातंय, किंवा झेडची मोटर वर उचलताना स्टेप गाळतेय, म्हणजे सांगितलं तेवढी फिरत नाहीये. काम उथळ होत जात असेल तर संशय बिट खाली उतरवण्याच्या वेगावर, म्हणजे प्लंजवर. बोथट बिट कडक लाकडात घाईने दाबलं तर मोटर अडते आणि स्टेप गाळते, किंवा सैल कोलेटमध्ये बिटच वर सरकतं.

संशयितांमधून खरा कोण हे ओळखायला एक काळा मार्कर पुरतो. जॉब सुरू करण्याआधी तीन ठिकाणी रेघा मारा. पहिली बिटाच्या दांड्यावर, कोलेटच्या नटाच्या अगदी काठाशी. दुसरी स्पिंडलच्या बाहेरच्या नळीवर आणि तिला धरणाऱ्या क्लॅम्पवर, दोन्हींवरून सलग. तिसरी झेडच्या मोटरचा शाफ्ट आणि कपलिंग (मोटर आणि स्क्रू यांना जोडणारा तुकडा) यांच्या सांध्यावर, तीही सलग. मग जॉब चालवा. चूक झाल्यावर मशीन थांबवा, स्पिंडल पूर्ण थांबू द्या, मुख्य स्विच बंद करा, आणि मगच जवळ जाऊन रेघा बघा.

पहिली रेघ नटापासून सुटलेली दिसली तर बिट घसरलं. दुसरी तुटली असेल तर अख्खा स्पिंडल क्लॅम्पमधून खाली सरकलाय. धक्के बसून क्लॅम्पचे बोल्ट सैल होतात, आणि ते आवळणं कुणाचंच काम नसल्यामुळे कुणीच आवळत नाही. तिसरी तुटली असेल तर कपलिंगचा छोटा स्क्रू ढिला आहे. तिन्ही जशाच्या तशा असतील आणि तरीही झिरो हललेला असेल, तर मोटरने स्टेप गाळल्या. एवढ्याशा कामाने चारातली तीन कारणं हातात येतात. माझ्या मते सामायिक राउटरच्या खोलीच्या तक्रारींत सगळ्यात जास्त वेळा पहिलीच रेघ सुटलेली असते.

म्हणून कोलेटबद्दल जरा जास्त लिहितो. वर्कशॉपच्या डब्यात ६ मिमीची बिटं असतात आणि ६.३५ मिमीची, म्हणजे पाव इंचाची, असतात. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. पाव इंचाच्या कोलेटमध्ये ६ मिमीचं बिट घातलं तर नट आवळला जातो, हाताला घट्टही लागतं, पण कोलेट त्याला पूर्ण लांबीभर न धरता टोकाशीच पकडतं. मग वर ओढणारं स्पायरल बिट चिप वर फेकता फेकता स्वतःला खाली खेचून घेतं. तसंच ३ मिमी आणि ३.१७५ मिमीचं. बिट लावण्याआधी दांडा व्हर्नियरने मोजा आणि कोलेटवर कोरलेला आकडा वाचा.

ईआर प्रकारचं कोलेट आधी नटात तिरकं धरून टक् असा आवाज येईपर्यंत बसवायचं असतं, मग दोन्ही मिळून स्पिंडलला लावायचं. कोलेट स्पिंडलमध्ये ठेवून वरून नट पिळणारे बरेच दिसतात. त्याने कोलेट तिरकं बसतं, बिट डोलतं, आणि काढताना कोलेट आतच अडकून राहतं. बिट आत पार तळाला टेकवू नका, टेकलं तर दोन-तीन मिमी बाहेर घ्या. पण दांड्याने कोलेटची बहुतेक लांबी भरली पाहिजे. खोल कापायला हवं म्हणून बिट जेमतेम टोकाला धरून काम करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. आवळताना दोन पाने, एक स्पिंडलला आणि एक नटाला. पान्याला पाइप लावून लांब करायचा नाही. त्याने पकड सुधारत नाही, कोलेट आणि नट मात्र खराब होतात.

आतली राळ आणि भुसा काढायला प्रत्येक वेळी बिट बदलताना कोलेटच्या चिरांतून जुना टूथब्रश आणि आतून सुकं फडकं फिरवा. एमडीएफ आणि लॅमिनेटमधला डिंक तापून आत चिकटतो आणि काळा, गुळगुळीत थर बसतो. त्या थरावर बिट कितीही आवळलं तरी घसरतं. घासूनही डाग जात नसेल, किंवा तोंड किंचित घंटेसारखं उघडलेलं दिसत असेल, तर कोलेट बदला. तोही झिजणारा माल आहे, बिटासारखाच. वर्कशॉपच्या खर्चात त्याची ओळ नसते हा आपल्याकडचा जुनाच घोळ. कुणी पैसे द्यायचे यावर वाद होतो, तेवढ्यात तीन जणांचा प्लाय जातो.

तिन्ही रेघा जागच्या जागी आहेत, आणि तरी काम खोल खोल जातंय? मग झेड उचलताना स्टेप गळत आहेत. २.२ किलोवॉटचा पाण्याने थंड होणारा स्पिंडल पाच किलोच्या आसपास भरतो. त्यात क्लॅम्प, पाण्याच्या नळ्या, भुसा ओढायचा पाइप, हे सगळं झेडच्या मोटरला उचलायचं असतं. खाली येताना गुरुत्वाकर्षण मदतीला असतं, वर जाताना विरोधात. स्टेपर मोटरचा जोर वेग वाढला की कमी होतो. त्यामुळे जलद उचलताना दर वेळी काही स्टेप मागे राहतात, कंट्रोलरला वाटतं आपण ठरलेल्या उंचीवर आलो, आणि पुढची उडी थोडी खालून सुरू होते. ज्या जॉबमध्ये बिट शेकडो वेळा वर-खाली होतं, जाळीची नक्षी किंवा भोकांच्या रांगा, तिथेच हे उघडं पडतं. मखराची जाळी बिघडते आणि सरळ फळी कापताना काही होत नाही, याचं कारण हेच.

खात्री करायला हवेतच चालवून बघा. झिरो मालापासून ५० मिमी वर घेऊन तोच प्रोग्रॅम चालवा, स्पिंडल बंद. संपल्यावर बिट खाली आणून झिरो तपासा. लाकडाला स्पर्शही न होता झिरो हलला असेल तर दोष कापण्यात नाही, उचलण्यात आहे. ग्रबलवर झेडचा कमाल वेग $११२ मध्ये आणि प्रवेग $१२२ मध्ये असतो. दोन्ही साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी करा आणि पुन्हा हवेत चालवा. हँडलवाल्या डीएसपी कंट्रोलरवर हीच मूल्यं मशीनच्या सेटिंगमध्ये मिळतात. जुने आकडे लिहून ठेवल्याशिवाय काहीही बदलू नका, आणि ज्याच्याकडे मशीनची जबाबदारी आहे त्याला सांगून बदला.

भुशाचा पाइप वरच्या बाजूने ताणलेला नाही ना, हेही पाहा. पूर्ण खाली जाताना तो आखडत असेल किंवा वर येताना कुठे अडकत असेल तर मोटर बिचारी काय करणार. झेडच्या सळयांवर वाळलेलं ग्रीस आणि भुसा यांची पेस्ट झाली असेल तर पुसून थोडं नवीन तेल द्या. मे महिन्यात मकरपुऱ्याकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणखी एक प्रकार होतो. कंट्रोल बॉक्सच्या पंख्याची जाळी भुशाने बुजते, आत ड्रायव्हर तापतात, आणि तास-दीड तासानंतर स्टेप गळू लागतात. सकाळी सगळं ठीक आणि दुपारी चुकतं, असं असेल तर आधी जाळी झटका.

सामायिक मशीनवरचा वारसा

घरच्या मशीनवर जे प्रश्न येतच नाहीत ते इथे येतात, कारण आधीचा माणूस मागे बरंच काही सोडून जातो.

ग्रबलमध्ये जी ५४ ते जी ५९ असे सहा झिरो साठवता येतात, आणि ते मशीन बंद केलं तरी आत राहतात. आधीच्याने जी ५५ वर काम केलं आणि स्क्रीन तशीच सोडली, तुम्ही त्यावर झिरो घेतला, पण तुमची फाइल जी ५४ मागते. झालं, बिट आदल्या दिवशीच्या पाटीच्या उंचीवर उतरणार. जॉब सुरू करण्याआधी $# असं टाइप करा, साठवलेले सगळे झिरो समोर येतात. त्यात जी ९२ (तात्पुरता सरकवलेला झिरो) किंवा टूल लेंग्थच्या (बिटाच्या लांबीची दुरुस्ती) रकान्यात शून्याशिवाय काही असेल तर ते कुणाचं आहे ते विचारा, नाहीतर रीसेट करून सुरुवात करा.

ज्या मशीनला होमिंगचे स्विच (मशीनला स्वतःची मूळ जागा शोधून देणारे) नाहीत तिथे साठवलेल्या झिरोवर अजिबात विसंबू नका. चालू करताना मशीन जिथे उभं असेल तीच जागा ते मूळ समजतं, आणि वीज जाऊन आली की मूळच बदलतं. स्विच असलेल्या मशीनवरही वीज गेल्यावर पुन्हा होमिंग करा आणि मग झेड कागदाने पडताळून घ्या.

बिट बदललं की एक्स आणि वायला हात लावायचा नाही, झेड मात्र परत घ्यायचा, कारण नवीन बिटाची लांबी वेगळी. इथे नवी मंडळी एका अडचणीत सापडतात: पहिल्या बिटाने खळगा करताना ज्या जागी झिरो घेतला होता तो पृष्ठभागच उडालेला असतो. म्हणून झिरोची जागा आधीच फळीच्या अशा कोपऱ्यात निवडा जिथे काही कापायचं नाही, आणि तिथे पेन्सिलने फुली मारा. दोन बिटांच्या कामात पंचाईत टाळायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

एवढं सगळं होऊनही खोली जुळत नसेल तर मशीनचा मुख्य स्विच बंद करून स्पिंडलचं टोक हाताने वर-खाली, मागे-पुढे हलवून बघा. टक् असा खेळ हाताला जाणवला तर बेअरिंग, स्क्रूचा नट किंवा झेडच्या गाड्या झिजल्या आहेत. हे तुम्ही-आम्ही उघडायचं काम नाही. मशीनवर चिठ्ठी लावा. तिच्यावर तारीख, नऊ खळग्यांच्या तुकड्यावरचे आकडे, तीन रेघांपैकी कोणती सुटली आणि हवेत चालवल्यावर झिरो हलला की नाही, एवढं लिहा. तुकडा चिठ्ठीबरोबरच टांगा. ‘मशीन खराब आहे’ एवढंच लिहिलेल्या चिठ्ठीवर दुरुस्तीवाला आला तरी तो आधी कागदच मागतो, आणि झिरो परत घ्यायला लागतो.